आता बास!

सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज काढणारा स्पीकर, घरी आला त्या संध्याकाळी तो मनापासून आवडलेला घरात एकच माणूस होता. आप्पा. आणि आप्पांना ऐकू येत नाही.

म्हणजे अगदीच येत नाही असं नाही. कानात यंत्र घातलं की येतं. पण गाणी लागली की ते यंत्र काढून चष्म्याच्या घरात ठेवतात, कारण त्यातून कुणीही गायलं तरी पत्र्याच्या डब्यात बसून गातंय असं वाटतं, अशी त्यांची तक्रार आहे. तर त्या संध्याकाळी मी खोकं फोडलं, आतला गुडघ्याएवढा काळा ठोकळा कोपऱ्यात ढकलला, हाताला लागली ती वायर दिसेल त्या भोकात खुपसली आणि आवाज सोडला. आप्पा खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे टेकून बसले होते. त्यांनी एकदम मान वर केली.

"अरे, डग्गा वाजतोय," ते म्हणाले. "खुर्चीत."

मला मात्र घाम फुटला. कारण तबला समोरच्या स्पीकरांतून येत होता आणि डग्गा कोपऱ्यातून. तबलजीने उजवा हात बैठकीच्या खोलीत ठेवून डावा गॅलरीत वाळत घातला असावा, तसा. शिवाय मूळ स्पीकरही आपल्या परीने खर्ज काढत होते, वरून सबवूफरही काढत होता, आणि दोघांचं मिळून जे काही होत होतं त्यात गायकाचा आवाज पावसाळ्यातल्या गादीसारखा जड झाला होता. एका ठरावीक सुराला शोकेसची काच थरथरायची. आतून बायको ओरडली, "बास!"

मला वाटलं, तिलाही आवडला.

या छंदातली पहिली पंचाईत ही अशी भाषेपासूनच सुरू होते. मी बास म्हणायचो, म्हणजे इंग्रजीतला खर्ज, तेव्हा मला हवा असायचा, ती बास म्हणायची तेव्हा तिला नको असायचा. पुढचे तीन आठवडे आम्ही दोघं एकच शब्द एकमेकांवर फेकत होतो.

आता क्रॉसओव्हरची गरज का पडली ते सांगायला हवं. माझे मूळ स्पीकर लहान आहेत, पाच इंची पडद्याचे. त्यांचा गळा गोड आहे, पण छाती नाही. पडद्याचं गणित असं, की सूर एक सप्तक खाली आला आणि आवाज मात्र तेवढाच हवा असला, तर पडद्याला चौपट हलावं लागतं. १०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांच्या सुराला, तो एक मिलिमीटर हलत असेल, तर ५० हर्ट्झला चार. बिचारा तेवढा हलतो, धापा टाकतो, आणि त्याच वेळी त्याच पडद्यावर गायकाचा आवाजही चाललेला असतो. धावत जिना चढणाऱ्या माणसाकडून फोनवर निरोप ऐकावा, तसं गाणं येतं. सबवूफरच्या पाठीवर एक बटण असतं खरं, पण ते फक्त सबवूफरला वरचे सूर घेऊ देत नाही. लहान स्पीकरांच्या डोक्यावरचं खालच्या सुरांचं ओझं ते उतरवत नाही. त्यासाठी मध्ये एक वेगळं यंत्र बसवावं लागतं, तोच क्रॉसओव्हर. ८० हर्ट्झच्या वरचं तुमचं, खालचं त्याचं, अशी वाटणी करून देणारं.

वाटणी म्हटली की भिंत आली. ही भिंत सरळ उभी नसते, उताराची असते. सप्तकामागे २४ डेसिबल, हा उतार आमच्या मंडळींत लोकप्रिय आहे. त्यावर लिंकविट्झ आणि रायली या दोन इंजिनिअरांची नावं आहेत, आणि लिंकविट्झने ती मांडणी १९७६ साली छापली. त्यातली गंमत अशी, की ज्या ठिकाणी वाटणी होते तिथे दोन्ही पक्ष सहा-सहा डेसिबल मागे सरतात, आणि दोघांची बेरीज बरोबर पूर्ण होते, ना कमी ना जास्त. दोन्ही बाजूंनी मागे सरून वाटणी सुखाची झाल्याचं मला माहीत असलेलं हे एकमेव उदाहरण. अट एकच: दोघं एका वेळी, एका तालात बोलले पाहिजेत. तीन आठवडे गेले ते या अटीत.

माझा अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर, जुना आहे. त्याच्या पाठीवर 'प्री आउट' आणि 'मेन इन' अशा भोकांच्या जोड्या आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या इंग्रजी यू आकाराच्या दोन धातूच्या पिना. त्या उपटल्या की अँपचे दोन तुकडे होतात आणि मधल्या फटीत क्रॉसओव्हर घालता येतो. पिना हरवल्या तर अँप मुका. म्हणून मी त्या एका डबीत घातल्या, डबीवर 'महत्त्वाचे' असं लिहिलं आणि डबी इतक्या सुरक्षित जागी ठेवली की ती अजून मला सापडलेली नाही. म्हणजे परतीची वाट पहिल्याच दिवशी बंद झाली.

क्रॉसओव्हर जोडला आणि गाणं लावायच्या आधीच गाणं सुरू झालं. एक संथ, अखंड "म्ऽऽऽ". एखादी म्हैस शेजारच्या खोलीत समाधीत बसलीय जणू. याला ग्राउंड लूप म्हणतात. अँप एका भिंतीच्या सॉकेटमध्ये, सबवूफर आणि क्रॉसओव्हर दुसऱ्या भिंतीच्या. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असतो, त्या फरकाने सिग्नलच्या वायरीच्या जाळीतून प्रवाह फिरतो, आणि अँप तो इमानेइतबारे मोठा करून ऐकवतो. मी चार संध्याकाळ वाचन केलं. महागड्या वायरी, विलगीकरणाचे ट्रान्सफॉर्मर, सगळं. पाचव्या संध्याकाळी बायकोला इस्त्रीसाठी सॉकेट हवं होतं. तिने सबवूफरचा आणि क्रॉसओव्हरचा प्लग काढला, माझ्या अँपच्याच एक्स्टेन्शन बोर्डात खोचला आणि इस्त्री लावली. म्हैस उठून गेली.

मी तिचे आभार मानायला हवे होते. त्याऐवजी मी तिला ग्राउंड लूप समजावून सांगितला.

(प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका, गुणगुण थांबते, असा सल्ला देणारे महाभाग भेटतात. गुणगुण थांबते हे खरं. पण अर्थिंग असतं ते आपण थांबू नये म्हणून.)

यानंतर एक चूक इतकी बाळबोध केली, की ती पटकन सांगून मोकळा होतो. क्रॉसओव्हरवर ८० लावले आणि सबवूफरच्या पाठीवरचं बटणही ८०वरच राहू दिलं. म्हणजे आधीच गाळलेलं पाणी पुन्हा गाळायचं. उतार दुप्पट आणि वर फेज, म्हणजे लाटेची वेळ, आणखी मागे फिरलेली. बाहेरचा क्रॉसओव्हर लावला की आतल्याला रजा द्यायची, बटण टोकापर्यंत फिरवायचं किंवा तो टाळणाऱ्या इनपुटात वायर घालायची. हे माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर होतं. ते पान मी सबवूफरच्या पायाखाली घडी करून ठेवलं होतं, कारण तो डुगडुगत होता.

मग आवाजाची पातळी. ही मात्र मी शास्त्रशुद्ध करायची ठरवली. फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं. मूळ स्पीकरांवर खरखर लावून आप्पांच्या खुर्चीपाशी ७५ डेसिबल येतील असं केलं. मग त्यांना गप्प करून सबवूफरवर ५० हर्ट्झचा सूर सोडला. अ‍ॅप म्हणालं, ४५. एवढंच? मी सबवूफरचा गेन, म्हणजे आवाजाचं बटण, वाढवला. ५०. आणखी वाढवला. ५४. पायाखालची फरशी तळव्यांना कळू लागली, पण शास्त्र शास्त्र असतं. ५८. शोकेसच्या काचेने त्या ठरावीक सुराचीही वाट पाहिली नाही. आतल्या कपबशा एका ओळीत, शिस्तीत, फळीच्या कडेकडे चालू लागल्या. ६२. आप्पांचे डोळे मिटलेले आणि चेहऱ्यावर असं समाधान, की मला क्षणभर वाटलं आपण काहीतरी पुण्य करतोय.

"आज कोण वाजवतंय?" त्यांनी विचारलं.

बायको आली ती न बोलता. तिने वर्तमानपत्राचा कागद घेतला, त्याची चार घड्यांची पट्टी केली आणि शोकेसच्या काचेत आणि चौकटीत दाबून बसवली. काच गप्प झाली. मग ती माझ्याकडे वळली आणि "बास" म्हणाली. या वेळी अर्थाबद्दल मला शंका नव्हती.

घोटाळा अ‍ॅपच्या कोपऱ्यात होता. तिथे बारीक 'ए' लिहिलेला होता. मला ती अ‍ॅपला मिळालेली श्रेणी वाटली. प्रत्यक्षात ते मोजमापाचं एक वळण आहे. माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून 'ए' वळण त्यांना मुळातच कमी मोजतं, आणि ५० हर्ट्झला तर तब्बल ३० डेसिबल वजा करतं. म्हणजे अ‍ॅप ६२ म्हणत होतं तेव्हा खोलीत ९२ चालू होते. शेजारीच 'सी'चं बटण होतं, त्याची कपात जेमतेम सव्वा डेसिबल. वर आणखी म्हणजे फोनचा माइक बोलण्यासाठी केलेला, खर्जात तो स्वतःच बहिरा. मी एका बहिऱ्याच्या कानाने दुसऱ्या बहिऱ्यासाठी आवाज लावत होतो, आणि दोघंही खूष होते. शेवटी एका मित्राकडून मोजणीचा माइक मागून आणला.

त्या माइकने पहिली गोष्ट सांगितली ती ही, की कोपरा ही जागाच चुकीची आहे. आमची खोली लांबीला ४.३ मीटर. ४० हर्ट्झची लाट ८.६ मीटरची, म्हणजे बरोबर अर्धी लाट भिंतीपासून भिंतीपर्यंत तंतोतंत बसते. तो सूर दोन्ही भिंतींशी फुगतो आणि खोलीच्या मधोमध नाहीसा होतो. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की खोलीचे असे सगळेच लाडके सूर एकदम अंगावर येतात. यावर जुना आणि खात्रीचा उपाय आहे. सबवूफर उचलून आपल्या बसायच्या खुर्चीवर ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण कान जमिनीलगत नेऊन भिंतीकडेने रांगायचं. जिथे खर्ज सगळ्यात सारखा ऐकू येईल, तिथे पुढे सबवूफर ठेवायचा. खुर्ची आणि जागा यांची अदलाबदल केली तरी दोघांमधलं नातं तेच राहतं, हे त्यामागचं तत्त्व.

तेव्हा सबवूफर आप्पांच्या खुर्चीत विराजमान, आप्पा बाजूला काठी टेकून उभे, "त्याचं झालं की मी बसतो," आणि मी चार पायांवर खिडकीखाली. दार उघडंच होतं. शेजारचे काका डोकावले.

"काय हरवलं?"

"खर्ज," मी जमिनीवरूनच म्हणालो.

"आमच्याकडे असतो की रोज, संध्याकाळी," ते म्हणाले. "घेऊन जा."

खर्ज सापडला तो बायकोच्या शिवणयंत्राच्या जागी. याहून वाईट जागा त्या खोलीत नव्हती. मी आलेख दाखवले. तिने आलेख पाहिले आणि मग शिवणयंत्राकडे पाहिलं. वाटाघाटींचा तपशील मी देत नाही. शिवणयंत्र आता दुसऱ्या खिडकीशी आहे, त्यावर नवा दिवा आहे, आणि पडद्यांना अस्तर लावायचं काम माझ्याकडे आहे.

पण आता सबवूफर खुर्चीपासून मूळ स्पीकरांपेक्षा दीड मीटर लांब गेला. आवाज मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर चालतो. म्हणजे डग्गा तबल्यापेक्षा सुमारे साडेचार मिलिसेकंद उशिरा पोचणार. ऐकायला हे काहीच नाही, पण ८० हर्ट्झची पूर्ण फेरीच साडेबारा मिलिसेकंदांची असते. सव्वासहा मिलिसेकंदांचा उशीर झाला की दोघं बरोबर उलटे होतात, एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि वाटणीच्या ठिकाणी सूर गायब. उशिरा येणाऱ्याला लवकर आणता येत नाही, हे घरात आधीच माहीत होतं. म्हणून जवळच्याला थांबवायचं. माझ्या क्रॉसओव्हरमध्ये मूळ स्पीकरांना उशीर लावायची सोय आहे. मात्र टेपने मोजून भागत नाही, कारण सबवूफरच्या पोटातली यंत्रणा आपला वेळ वेगळा खाते. खरा आकडा शोधायची रीत विचित्र आहे, आणि ती एकट्याने करणं कष्टाचं.

रविवारी दुपारी मी खुर्चीत माइक घेऊन, बायको क्रॉसओव्हरच्या बटणाशी.

"सबवूफर मी उलटा जोडलाय," मी सांगितलं. "८० हर्ट्झचा सूर लावतो. तू बटण फिरवत राहा. आवाज सगळ्यात कमी कधी होतो ते आपल्याला शोधायचंय."

"कमी? मग बंदच कर की."

"नाही. दोघं वाजत असताना कमी. उलटे जोडलेले असताना ते एकमेकांना जितकं खोडतील, तितके ते सुलट केल्यावर जुळतील."

तिने विचार केला. "म्हणजे दोघांचं बोलणं पूर्ण बंद झालं, की समजायचं जमलं?"

"उलट जोडल्यावर."

"कोणी जोडलं उलट?"

"मीच. मुद्दाम."

"ते दिसतंच आहे," ती म्हणाली आणि बटण फिरवायला लागली.

टिक, टिक. एकेका टिकेला दशांश मिलिसेकंद. माइकच्या पडद्यावर ७८. ७४. ६९. सूर खरंच विरत चालला होता, समोर दोन्ही पडदे हलताना दिसत होते आणि कानाशी मात्र पोकळी. ६१. ५८. ६३. "मागे, मागे!" पुन्हा ५८. मी श्वास धरला. इतका आवाज खर्चून इतकी शांतता मी आयुष्यात कधी मिळवली नव्हती.

"झालं!" मी ओरडलो. "गेला! ऐकलंस?"

"गेला कसला? इथे तर घोंघावतोय." ती दारापाशी उभी होती. दोघांचंही बरोबर होतं. ही जुळणी खुर्चीपुरती असते, दारात वेगळं, स्वयंपाकघरात वेगळं. मी तिला खुर्चीत बसवलं आणि स्वतः दारात गेलो. तिने मान डोलावली. मी दारात कानांवर हात ठेवले. मग मी सबवूफर पुन्हा सुलट केला आणि खुर्चीपाशी ५८चे ८२ झाले. आकडा निघाला ६.२ मिलिसेकंद. तो मी भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवला, लहान मुलांची उंची लिहितात तसा.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी खुर्चीत बसून तबला लावला. डग्ग्यावर मनगट दाबून पुढे सरकवलं की सूर खालून वर चढत जातो, ती मींड ऐकायची होती. पहिल्या संध्याकाळी हीच मींड कोपऱ्यात सुरू व्हायची, मध्येच घर बदलायची आणि उरलेली समोरून यायची. आता ती एका जागी सुरू झाली, ८०च्या वेशीवरून गेली, आणि वेस कुठे होती ते मला कळलंच नाही. मी पुन्हा लावली. पाच वेळा लावली. शिवणयंत्राच्या जागेकडे पाहिलं तर तो काळा ठोकळा काहीच न करता बसल्यासारखा दिसत होता. हात लावून पाहिला. चालू होता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आप्पा येऊन खुर्चीत बसले. यंत्र काढलं, चष्म्याच्या घरात ठेवलं. तळवे खुर्चीच्या हातांवर टेकले. मी तीच मींड, तीन आठवड्यांची कमाई, लावली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो.

त्यांनी तळवे जरा उचलून पुन्हा ठेवले. खुर्चीचा हात बोटांनी ठोकून पाहिला.

"बंद पडलं का रे ते?"

"नाही, आप्पा. आता खरं लागलंय."

"मग डग्गा कुठाय?"

"तबल्याजवळ," मी मोठ्याने म्हणालो.

"काय?"

"तबल्याजवळ!"

त्यांनी समजुतीने मान हलवली, एखाद्याची मेहनत फुकट गेली की मोठी माणसं हलवतात तशी. "राहू दे," ते म्हणाले. "चांगलं होतं तेव्हा."

माझ्या क्रॉसओव्हरमध्ये जुळण्या साठवायच्या बऱ्याच जागा आहेत. पहिल्या जागेत माझे तीन आठवडे आहेत. दुसरी भरायला मला पाच मिनिटं लागली: सबवूफर दहा डेसिबल वर, उशीर शून्य, आणि मूळ स्पीकरांना पुन्हा खालचे सगळे सूर मोकळे. एकेक दोष आठवून आठवून परत बसवला.

आता रोज पावणेचारला बायको वर्तमानपत्राची पट्टी शोकेसच्या काचेत खोचते. चारला आप्पा कानातलं यंत्र काढतात, तळवे खुर्चीच्या हातांवर ठेवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "हं, सोड."